सोनचाफ्याभोवतीचा कट्टा

"तुझी आई पिवळी पडलीय. येऊन बघून जा."

बाबांचा हा फोन मला भर वर्गात आला. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवते. त्या वेळी फळ्यावर काळ्या पाषाणाचा मुरूम आणि मुरुमाची माती कशी होते त्याची आकृती काढत होते, आणि पहिल्या बाकावरची मुलगी ओढणीआड जांभया देत होती. आईला जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. तरी बाबा काय म्हणतायत ते मला लगेच कळलं, कारण आमच्या घरात 'आई' म्हणजे आता एक सोनचाफ्याचं झाड.

"पिवळी म्हणजे कशी बाबा? कडेने, की शिरांमधून?" मी वर्गाबाहेर येऊन विचारलं.

"पिवळी म्हणजे पिवळी! रंग पण कॉलेजात शिकवावे लागतात काय तुला?" असं म्हणून त्यांनी फोन आपटला. मोबाईल आपटता येत नाही, पण माझ्या बाबांना येतो.

हे झाडाचं प्रकरण आधी सांगायला हवं. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा तिने आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "मला समुद्रात नेऊन टाकू नका. चौपाटीला काय आधीच कमी घाण आहे? मातीत घाला आणि वर सोनचाफा लावा. आणि समाधी-बिमाधी बांधाल तर याद राखा." आम्ही बौद्ध. आमच्यात आता कितीतरी घरांत असंच करतात, अस्थी पाण्यात न सोडता मातीत घालतात आणि झाड लावतात. त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीच्या मागच्या अंगणात, नळाच्या पलीकडे, खड्डा खणला. भन्तेजींनी वंदना घेतली. सगळी चाळ गॅलऱ्यांत उभी होती.

खड्डा खणताना मी रडत होते आणि रडता रडता थर बघत होते. सवय, दुसरं काय! वर चाळीची रोजची धूळ, खाली गिरणीच्या बॉयलरमधून निघालेली कोळशाची जळकी खडी, त्याखाली शिंपल्यांचा चुरा आणि सगळ्यांत खाली निळसर काळा चिखल. आमचा हा सगळा भाग म्हणजे बेटांमधलं खाजण बुजवून केलेली जमीन. पाषाण आहे, पण बराच खाली. वर जी काही माती आहे ती लोकांनी टाकलेली, पावसाने बसवलेली आणि गवताने, गांडुळांनी हळूहळू माती केलेली. असल्या जमिनीत झाड जगतं, पण त्याला सांभाळून घ्यावं लागतं, एवढं मला तेव्हाच कळत होतं.

माझं म्हणणं होतं की राख मातीत मिसळू या, झाडाला लवकर मिळेल. बाबा म्हणाले, "तिला उधळायची नाही. आहे तशी मडक्यासकट ठेवायची." मी वाद घातला नाही. ती वाद घालायची वेळ नव्हती. मडकं ठेवलं, वर माती लोटली आणि कलमी सोनचाफा लावला.

आणि झाड असलं काही वाढलं! पहिल्या मजल्याच्या गॅलरीला लागलं. फुलायला लागलं तेव्हा चाळीतल्या बायका सकाळी कामावर जाताना खाली यायच्या. बाबांचा नियम होता: स्वतःच्या हाताने तोडायचं नाही, मागायचं. मग ते काठीला बांधलेल्या आकड्याने एकेक फूल काढून द्यायचे आणि म्हणायचे, "आज म्हातारी खुशीत आहे." उरलेला दिवस ते झाडाखाली स्टूल टाकून बसत. आधी गिरणीत, संपानंतर एका शाळेत शिपाई, असं जन्मभर उभं राहून काम केलेला माणूस. त्यांचं हे बसणं मला आवडायचं.

असो. फोननंतर मी भोईवाड्यातल्या माझ्या घरी न जाता तडक चाळीत गेले. श्रावण होता, पाऊस नुकता थांबला होता. उन्हाळ्यापासून परीक्षा आणि प्रवेशांच्या धबडग्यात मी इकडे फिरकले नव्हते, बाबाच माझ्याकडे येऊन जायचे. मागच्या अंगणात वळले.

झाडाभोवती कट्टा होता. चांगला गुडघाभर उंच, चौकोनी, चारी बाजूंनी पक्की भिंत, वर सिमेंट आणि सिमेंटवर पांढऱ्याशुभ्र चकचकीत फरश्या. फरश्या पार खोडाला भिडलेल्या. मधे बोट घालायला जागा नाही. समोर काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत आईचं नाव. एका कोपऱ्यातून प्लास्टिकचा पाइप वर आलेला, पाणी घालायला. आणि या सगळ्याच्या मधोमध माझ्या आईचा सोनचाफा, अर्धी पानं पिवळी, अर्धी लोंबलेली.

"कधी केलंत हे?" मी विचारलं.

"उन्हाळ्यात. तू पोरांना घेऊन दगड बघायला गेली होतीस ना, तेव्हा." बाबा खुशीत होते. "तुला सरप्राइज द्यायचं होतं. कमिटीने केलं. सुशोभीकरण."

कमिटीचा सेक्रेटरी तेवढ्यात आलाच. माझ्याहून लहान. शाळेत जाताना मी त्याला हाताला धरून रस्ता ओलांडून द्यायचे, आता विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. "कसं वाटलं ताई? एकदम प्रॉपर झालं ना? आधी काय, गाड्या लावायचे, कुत्री यायची, पोरं थुंकायची. काकांना बघवायचं नाही."

"अरे गाढवा," मी म्हणाले, "तुम्ही झाडाचा गळा दाबलाय."

त्याला वाटलं मी भावनेच्या भरात बोलतेय. तो समजूतदार चेहरा करून "हो ना ताई, आठवण येणारच," असं म्हणाला. त्या क्षणी मला त्याला पुन्हा रस्त्याच्या मधोमध नेऊन सोडावंसं वाटलं.

त्या दिवसापासून माझी आणि बाबांची लढाई सुरू झाली. जवळजवळ रोज कॉलेज सुटलं की मी चाळीत जायचे, बाबा चहा ठेवायचे, आणि बटर बुडवता बुडवता मी समजावायला लागायचे. तीस-चाळीस मुलांचा वर्ग परवडला, पण हा एक म्हातारा नको रे बाबा!

"बाबा, माती म्हणजे नुसती माती नसते. निम्मी माती आणि निम्मी पोकळी. त्या पोकळीत थोडं पाणी असतं, थोडी हवा. मुळं त्या हवेत श्वास घेतात, तुमच्या-माझ्यासारखा. श्वास सोडतात तो पाण्यात विरघळतो, त्याने पाणी जरासं आंबट होतं. त्या आंबट पाण्याने दगड झिजतो, खडी झिजते, आणि त्यातून जे सुटतं ते झाड खातं. मधे जंतू आहेत, बुरशी आहे, गांडुळं आहेत. दगड, पाणी, हवा, जीव, सगळ्यांचा एकत्र संसार आहे तो. तुम्ही त्या संसारावर वरून झाकण मारलंय."

"संसाराला छप्पर लागतंच," बाबा म्हणाले आणि बटर खाल्लं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच विषय काढला. "मला एक सांग बाय, पिंपळ भिंतीत उगवतो. त्याला कुठली आली हवा?"

मला राग याचा आला की प्रश्न चांगला होता. माझ्या वर्गात इतक्या वर्षांत एकानेही असा विचारला नाही. मी सांगितलं की भिंतीला भेगा असतात, भेगेत हवा असते, पिंपळाची मुळं मोकळीच असतात. शीवच्या किल्ल्यावर चला, दाखवते, मुळांनी दगड कसे सोडवलेत ते. "मग आमच्या कट्ट्याला पण भेगा पडतील," ते म्हणाले. "हल्ली काम कुठे धड करतात?"

एकदा मी काचेच्या ग्लासात पाणी घेतलं आणि त्यात मातीचं सुकं ढेकूळ टाकलं. बुडबुडे भराभरा वर आले. "बघा! ही हवा. ही मातीच्या आत होती." बाबांनी चष्मा पुसला, ग्लास डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितला. मला वाटलं, आता पटलं. "सोडा पण बुडबुडे सोडतो," ते म्हणाले. "सोडा काय जिवंत असतो?" मी ग्लास मोरीत ओतून घरी निघून गेले.

तिकडे झाडावर अख्ख्या चाळीचे उपचार चालले होते. एकीने तांदळाचं धुवण घातलं. कुणी शक्तीच्या गोळ्या कुटून पाइपात सोडल्या. सेक्रेटरीने कुठलं तरी टॉनिक आणलं. तळमजल्यावरच्या आजींनी "आपण नजरबिजर मानत नाही" असं बजावून फांदीला काळा दोरा बांधला. आणि सगळ्यांत मोठा वैरी म्हणजे माझे बाबा, कारण पानं लोंबलेली दिसली की ते पाइपातून बादलीभर पाणी ओतत. धो धो पाऊस पडत असला तरी ओतत!

"बाबा, नका हो घालू पाणी. चारी बाजूंनी भिंत आहे, पाणी जाणार कुठे? खाली डबकं झालंय. हवा संपली, मुळं कुजली, कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. पाण्यात उभं राहून झाड तहानेने मरतंय."

"म्हणजे तहान लागलीय हे तुला कबूल आहे," बाबा म्हणाले आणि बादली भरायला गेले.

मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. खरंच सांगते. मी लोकांना जमीन कशी जगते ते सांगून पगार घेते आणि माझ्या स्वतःच्या आईचं झाड माझ्या डोळ्यांदेखत चाललंय, आणि ज्याने तिला सगळ्यांत जास्त जीव लावला तोच माणूस रोज बादलीने तिला बुडवतोय. फाटकाच्या बाजूची पानं गळायला लागली. ती बाजू हळूहळू काठ्यांसारखी उघडी पडली. मी अंगणातून जाताना त्या बाजूला बघायचं टाळायला लागले.

एक दिवस मी सरळच म्हणाले, "उद्या माणसं आणते आणि हा कट्टा फोडते."

बाबा स्टुलावरून उठले. त्यांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "तिच्या अंगावर घण घालणार? खाली ती आहे! लोक थुंकत होते तिच्यावर, तेव्हा तू नव्हतीस इथे. मी होतो. रोज पाण्याने धूत होतो ती जागा. आत्ता कुठे ती स्वच्छ जागी बसलीय."

"आईने समाधी नको म्हणून सांगितलं होतं."

"ही समाधी नाही. कट्टा आहे."

"नाव कोरलंय त्यावर!"

"मग काय लोकांनी ओळखायचं कसं, कुणाचं झाड आहे ते?"

तेव्हा मला पहिल्यांदा लख्ख कळलं की आम्ही दोघं वेगवेगळ्या गोष्टींवरून भांडतोय. मी झाड वाचवत होते. बाबांच्या लेखी झाड ही आईची छत्री होती, आणि आई होती खाली, मडक्यात, आहे तशी, कुणीही न उधळलेली. छत्री गेली असती तर त्यांनी दुसरी लावली असती. मडक्याला कुणी हात लावला असता तर मात्र त्यांनी जीव दिला असता.

हे कळल्यावर माझा राग कमी व्हायला हवा होता. नाही झाला. उलट वाढला, कारण आता समजावायचं ते अजून अवघड होतं.

शेवटी जे झालं त्यात माझ्या शास्त्राचा काडीचाही वाटा नाही. मी दुसऱ्या दिवशी कॉलेजातला हातोडा घेऊन गेले, म्हटलं एक कोपरा तरी मोकळा करते, आतलं पाणी वाहून जाईल. बाबा बघत होते, पण कोपऱ्यापुरतं काही बोलले नाहीत. मी मागच्या भिंतीच्या दोन विटा सोडवल्या. काळं पाणी भळाभळा आलं, सडक्या अंड्याचा वास सुटला, आणि पाण्याबरोबर भराव घसरून खाली आला. त्यात निळ्या फरशीचे तुकडे होते, साबण ठेवायचा फुटका कोनाडा होता, आणि एक पांढरा वळणदार तुकडा होता. तो कशाचा ते ओळखायला कुणालाच वेळ लागला नाही.

बाबा वाकले. तो पांढरा तुकडा त्यांनी पायाने उलटा केला.

"हे काय आहे?"

सेक्रेटरी तिथेच होता. "काका, ते... भरणीला डेब्रिज लागतंच ना. आमच्या घरी काम काढलं होतं त्याच वेळी. म्हटलं बाहेर टाकण्यापेक्षा..."

"कसलं काम?"

"बाथरूमचं."

"नुसतं बाथरूमचं?"

अंगणात कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

बाबा माझ्याकडे वळले. "तू आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगायला हवं होतं?"

"हेच! हवा हवा करत बसलीस महिनाभर. तिच्या डोक्यावर याचा संडास घातलाय, हे सांगायचं सोडून!"

मला हसावं की रडावं कळेना. महिनाभराचं प्राणवायू आणि आंबट पाणी एकीकडे आणि तो एक तुकडा एकीकडे. बाबा तरातरा चालत नळावर गेले, पाय धुतले आणि परत येऊन म्हणाले, "फोडा. सगळं फोडा. पण मडक्याला कुणी हात लावायचा नाही. ते मी काढणार, वर ठेवणार, आणि चांगली माती आली की मीच परत ठेवणार."

"बाबा, मडकं नसेल आता. इतकी वर्षं झाली. मुळं असतील."

"भाजलेलं मडकं आहे. तुझ्या पुस्तकातलं नाही."

"मडकं फुटलं असेल, आणि आतलं..."

"बाय, गप."

मी हातोडा पिशवीत घातला. सांगून झालं होतं.

झाड वाचलं का, ते इथेच सांगून टाकते, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे चिडाल. अर्धं वाचलं. फाटकाकडची बाजू गेली ती गेलीच. चाळीकडची बाजू अजून हिरवी आहे. पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारच्या सकाळचं.

ज्या गवंड्यांनी कट्टा बांधला होता त्यांनाच बोलावलं. मशीन लावू दिलं नाही, छिन्नी-हातोड्याने फोडायला सांगितलं. ग्रॅनाइट अख्खा निघाला, तो भिंतीला टेकवून ठेवला. मग फरश्या, मग सिमेंट, मग सेक्रेटरीचं बाथरूम टोपल्यांनी बाहेर आलं. तो बिचारा स्वतः टोपल्या उचलत होता. भराव जिथे खोडाला लागून होता तिथली साल काळी पडून बोटाने निघत होती. खाली पहिली जमीन लागली. माझ्या ओळखीची, धुळीची आणि जळक्या खडीची. ओली गच्च होती. गांडूळ एकही नव्हतं.

बाबा सकाळपासून स्टुलावर बसले होते. आंघोळ केलेली, पांढरा सदरा, मांडीवर घडी घातलेलं पांढरं कापड, मडकं ठेवायला. आता ते उठले. "सरका," म्हणाले आणि खुरपं घेऊन गुडघ्यांवर बसले. मी हात पुढे केला तो त्यांनी झिडकारला.

ते फार हळू उकरत होते. एवढ्या वयात गुडघे दुखत असणार, पण उठले नाहीत. थोड्या वेळाने खापराचा एक तुकडा लागला. त्यांनी तो पुसला आणि कापडावर ठेवला. मग दुसरा. मग मुळं लागली, बोटाएवढी, सुतळीएवढी, केसांएवढी, एकमेकांत घट्ट विणलेली. तो सगळा गुंता गोल होता, खाली फुगीर, वर अरुंद. मडकं गेलं होतं आणि त्याचा आकार मुळांनी धरून ठेवला होता. काही मुळं काळी, मऊ, कुजलेली. काही फिकट आणि घट्ट. त्यांच्यामधे माती होती. साधी, काळी, ओली माती.

बाबांनी बोटं आत घातली. चाचपलं. मूठभर माती काढून तळव्यावर पसरली, दुसऱ्या हाताने चिवडली. पुन्हा काढली. राख नव्हती. हाडाचा एखादा तुकडा असेल असं मलाही वाटलं होतं, तोही नव्हता. एक केसाएवढं मूळ त्यांच्या बोटाला चिकटून वर आलं, ते त्यांनी झटकलं.

मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. "कुठे नेलीस?"

"काय?"

"तिला कुठे नेलीस? तुला आधीच मिसळायची होती ती. तूच नेलीस. मला न सांगता नेलीस."

सगळी चाळ गॅलऱ्यांत होती. कपडे वाळत घालणाऱ्या बायका थांबल्या होत्या. आणि मला इतका राग आला, महिनाभराचा, त्या बादल्यांचा, त्या सोड्याचा, त्या बाथरूमचा, आणि आई सोडून गेली तेव्हापासूनचा सगळाच, की मी चिखलात बसकण मारून त्यांच्यावर ओरडले.

"मी नाही नेली हो! झाडाने खाल्ली! हाड म्हणजे काय असतं बाबा? दगडातलंच असतं ते, मातीतलंच! मुळं मडक्यात शिरली, मडकं फोडलं आणि आईला खाल्लं त्यांनी, थोडं थोडं करून, इतकी वर्षं! त्याच्यावर तर फुललं ते! ती नाहीये तिथे! तुम्ही नुसत्या मुळांवर पाणी ओतून मारत होतात तिला!"

शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. पण बोलले.

सेक्रेटरी रिकामी टोपली छातीशी धरून उभा होता. बाबा तळव्यावरच्या मातीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती परत खड्ड्यात ठेवली, टाकली नाही, ठेवली, आणि मान वर करून झाडाकडे बघितलं. फाटकाकडच्या उघड्या फांद्या बघितल्या. चाळीकडच्या हिरव्या फांद्या बघितल्या. पुन्हा नजर उघड्यांकडे गेली.

"बाय," ते म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "ती कुठल्या बाजूला गेली?"

पुरावा नसताना उत्तर ठोकून देणाऱ्या मुलांचे मी गुण कापते. आणि मला ठाऊक होतं की याला उत्तर नाही. मुळांनी जे घेतलं ते सगळीकडे गेलं असणार. वाळलेल्या फांद्यांत गेलं, हिरव्या फांद्यांत गेलं, झाडून काढलेल्या पानांबरोबर कचऱ्याच्या गाडीत गेलं, पावसाच्या पाण्याबरोबर गटारात गेलं, बायकांच्या केसांत बसून कुठल्या कुठल्या ऑफिसांत गेलं. मुळांतली अर्धी काळी होती आणि अर्धी फिकट, आणि कुठलं मूळ कुठल्या फांदीचं हे तिथे बसून कुणालाही सांगता आलं नसतं.

"हिरव्या," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की, बाबा."

ते माझ्या तोंडाकडे बघत थांबले. मी पुढे काहीतरी समजावेन याची वाट बघत असावेत. मी कापडावरचा खापराचा तुकडा त्यांच्या हातात दिला.

मग त्यांनी खापराचे तुकडे एकेक करून मुळांजवळ परत ठेवले, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले आणि माती लोटायला आलेल्या सेक्रेटरीचा हात धरला.

"हळू," ते म्हणाले. "दाबू नको. तिला श्वास घेऊ दे."